टी-रेक्सची प्रतिकृती पुढे का कलंडते? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनात टिरॅनोसॉरस रेक्स, म्हणजे टी-रेक्स हा मांसाहारी डायनासोर, हमखास असतो आणि तो हमखास तोंडावर पडतो. मग शेपूट जमिनीला टेकवून तिचाच तिसरा पाय केला जातो. प्रतिकृती उभी राहते, पण प्राणी चुकतो.

खालची मापं 1:40 प्रमाणाची आहेत. आधार शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या 'सू' या सांगाड्याचा. लांबी 12.3 मीटर म्हणजे 31 सेंमी, कमरेपाशी उंची सुमारे 4 मीटर म्हणजे 10 सेंमी, डोकं साडेतीन सेंमी.

शेपूट आणि पाय

शेपूट टेकवून ताठ उभा राहणारा टी-रेक्स लोकांच्या डोक्यात बसला तो न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत 1915 साली उभारलेल्या सांगाड्यामुळे. त्याच संग्रहालयाने 1990 च्या दशकात तो सांगाडा उतरवून पाठ आडवी करून पुन्हा उभारला. मांसाहारी डायनासोरांच्या पाऊलखुणांत शेपूट घासल्याची रेघ सहसा सापडत नाही. तेव्हा पाठ आणि शेपूट जमिनीला समांतर ठेवा. कंबर हा तराजूचा काटा, एका पारड्यात डोकं-छाती, दुसऱ्यात शेपूट.

पालीसारखी बारीक शेपूट लावणं ही दुसरी चूक. मांडी मागे खेचणारा जाडजूड स्नायू शेपटीच्या मण्यांपासून निघत होता, म्हणून शेपटीचं मूळ चांगलं भरदार हवं. ते बारीक केलंत तर तोल जातो आणि प्राण्याच्या चालण्यातलं बळही जातं.

तरीही पुढे पडतोय? मग पाय तपासा. बहुतेक जण ते कमरेतून खांबासारखे सरळ खाली सोडतात. टी-रेक्सचा गुरुत्वमध्य कमरेच्या थोडा पुढे होता, म्हणून मांडी पुढे झुकलेली, गुडघा वाकलेला, नडगी मागे आणि पावलं बरोबर त्या गुरुत्वमध्याखाली. 'उलटा गुडघा' म्हणून दिसतो तो खरं तर घोटा. टाच जमिनीला लागत नाही, सगळा भार तीन बोटांवर. माती शेपटीच्या मुळापासून चढवत या आणि दर थरानंतर प्रतिकृती कमरेच्या किंचित पुढे बोटावर तोलून पाहा. डोकं भरीव शाडूचं नको, कागदाचा लगदा वापरा. खऱ्या कवटीतही हवेच्या पोकळ्या होत्याच.

डोकं, दात, हात

प्रतिकृती समोरून पाहा. दोन्ही डोळे एकदम दिसले पाहिजेत. कवटी मागे रुंद आणि तोंडाकडे निमुळती असल्यामुळे दोन्ही डोळ्यांची नजर समोर एकत्र येत होती, अंतराचा अंदाज त्यातूनच मिळतो. 'हललं नाही तर त्याला दिसत नाही' हे तक्त्यावर लिहू नका, ते खोटं आहे.

दात सुईसारखे एकसारखे करू नका. ते जाड, केळ्याच्या बाकाचे आणि लहानमोठे होते, कारण पडलेल्या दातांच्या जागी नवे येतच राहत. 2023 च्या एका अभ्यासानुसार ते ओठांनी झाकलेले असावेत, म्हणून मिटलेल्या तोंडातून दात बाहेर काढू नका. हे दात हाडं फोडत. कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये सापडलेल्या 44 सेंमी लांब अश्मीभूत विष्ठेत हाडांचा चुरा भरलेला आहे. तो नुसता मेलेलंच खाई असंही नाही: एका बदकचोच्या डायनासोरच्या शेपटीत टी-रेक्सचा दात रुतून बसलेला आणि त्याभोवती हाड भरून आलेलं सापडलं आहे. म्हणजे जनावर जिवंत असताना चावा बसला आणि ते निसटलं.

हात अडीच सेंमी, बोटं दोन, तळवे टाळी वाजवताना असतात तसे समोरासमोर.

कातडीवर मगरीचे खवले कोरणं टाळा. मान, कंबर आणि शेपटीच्या कातडीचे मिळालेले ठसे अगदी बारीक खवल्यांचे आहेत. प्रतिकृतीवर 1 मिमीचा खवला कोरलात तर तो खऱ्या प्राण्यावर 4 सेंमीचा झाला.

देखावा

टी-रेक्स 6.8 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात राहत होता. शेजारी ट्रायसेराटॉप्स चालेल. स्टेगोसॉरस नको, तो त्याच्या सुमारे 8 कोटी वर्षं आधीचा. खाली कुरणही नको, नेचे आणि झाडं लावा. भारतीय देखावा हवा असेल तर टी-रेक्स आणू नका, गुजरातच्या राहिओलीचा राजासॉरस हा मांसाहारी डायनासोर घ्या. त्याला 2003 साली नाव मिळालं. तिथे मात्र गवताचे झुबके खुशाल लावा: चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या शाकाहारी डायनासोरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण मिळाले आहेत.