काचेतल्या बाळासाठी वर्गणी : मेसेजच्या आधी आकडा

बाळ काचेत ठेवलंय म्हटलं की तासाभरात कुणीतरी वडिलांच्या मोबाइलचा क्यूआर ग्रुपवर टाकून मोकळं होतं. त्याला आधी थांबवा.

बाळ सिव्हिलमध्ये असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून (२०११ पासून) आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत. खासगीत असेल तर दवाखाना महात्मा फुले योजनेत (सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत) आहे का ते आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातल्या माणसाला, विचारा. रेशनकार्डावर बाळाचं नाव नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर हलू नका. कालपरवा जन्मलेल्याचं नाव कार्डावर कुठून येणार? आईवडिलांचं कार्ड, जन्माचा दाखला आणि पालकासोबतचा बाळाचा फोटो पुढे करा. धर्मादाय दवाखान्यात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. एवढं करून जे उरेल तेवढ्याचीच वर्गणी.

आता आकडा. इथे मी तोंडावर आपटलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

आठ वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका लूम कामगाराला सातव्या महिन्यात मुलगी झाली. "पंधरा दिवस तरी लागतील" एवढंच कानावर घेऊन आम्ही दोन लाखांचा मेसेज फिरवला. दोन लाख जमलेही. पोरगी राहिली ४१ दिवस. मधेच जंतुसंसर्ग झाला, सुटलेलं श्वासाचं मशीन परत लागलं. दुसऱ्यांदा मागायला गेलो तर लोक विचारायला लागले, पहिले कुठं गेले? त्यांचं चुकलं नव्हतं. आकडा आम्ही अंदाजपंचे टाकला होता.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं बिल दिवसांवर चालतं आणि प्रत्येक पायरीचा दर वेगळा. आधी व्हेंटिलेटर, मग नाकातून हवेचा दाब देणारं सीपॅप, मग नुसतं दूध पचवणं आणि वजन वाढवणं. फुप्फुसं उघडायला सर्फॅक्टंट द्यावं लागलं तर तो खर्च एकदम अंगावर येतो. म्हणून डॉक्टरांना "एकूण किती?" असं विचारूच नका. नेमका आकडा त्यांनाही सांगता येत नाही. आज कुठल्या पायरीवर आहे, या पायरीचा रोजचा दर काय, पुढची कधी, असं विचारा. फार लवकर जन्मलेली बाळं साधारण बाळंतपणाच्या मूळ तारखेच्या आसपास घरी जातात, तेवढे दिवस धरून चला. मागायचं मात्र आठवड्याआठवड्यानं, मागच्या आठवड्याचं बिल दाखवून.

आणि डोळ्यांच्या तपासणीचे पैसे त्यातूनच बाजूला काढा. ही तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, अगदी लहान बाळांची त्याही आधी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या चुकीच्या वाढल्या तर नजर कायमची जाऊ शकते आणि वरून काही दिसत नाही. बाळ घरी आलं, पैसे संपले, आता डोळ्यांचं नंतर बघू, हे मी दोन घरांत ऐकलंय. दोन्हीकडे भांडलो.

बाकी सोपं. पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात, "बेबी ऑफ" अमुक आणि फाइल नंबर लिहून, पावती ग्रुपवर. बाळाचा नळ्या लावलेला फोटो मेसेजमध्ये टाकायचा नाही, यावर माझ्याशी वाद घालू नका. गणपतीच्या पावतीपुस्तकावर वर्गणी फाडायची नाही, ती परवानगी गणपतीची. कारखान्यात पगाराच्या दिवशी जा. सोलापूरच्या पूर्व भागात मेसेज तेलुगूतही लिहा, अक्कलकोटकडे कन्नडमध्ये.

मेसेजवर शेवटची तारीख टाकाच आणि रक्कम पुरी झाली की "थांबवा" असा दुसरा मेसेज सोडा. आम्ही दोन्ही केलं नव्हतं. त्या जुन्या मेसेजवरून मला अजून वर्षाला एकदोन फोन येतात, बाळाला काचेतून काढलं का म्हणून. ती आता दुसरीत आहे.