कॉइल, दांडी आणि मधली फट

सोलापुरातील चादर-टॉवेलच्या यंत्रमाग कारखान्यांत स्टार्टरमधील कॉन्टॅक्टरची (कॉइलच्या चुंबकाने मोटारीचा पुरवठा जोडणाऱ्या स्विचची) कॉइल जळाली की नवी बसवली जाते आणि काही दिवसांत तीही जळते. असे का होते हे समजण्यासाठी कॉइल लोखंडाला कशी ओढते, ते एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे.

सुमारे 10 मिलिमीटर बाहेरील व्यासाच्या आणि 40 मिलिमीटर लांबीच्या प्लास्टिकच्या नळीवर 32 गेजच्या इनॅमल तांब्याच्या तारेचे 1000 वेढे एकाच दिशेने, शेजारी शेजारी गुंडाळावेत. ही तार मोटार रिवाइंडिंग करणाऱ्यांकडे असते. टोकांवरील इनॅमल खरवडून रोध मोजल्यास तो 11 ओहमच्या आसपास भरतो. नळीत सैल सरकेल अशी मऊ लोखंडाची दांडी अर्धी आत ठेवावी आणि 12 व्होल्टचा डीसी पुरवठा क्षणभर द्यावा. अधिक वेळ दिल्यास सुमारे 13 वॅट उष्णतेने कॉइल लवकर तापते. दांडी झटक्याने आत येते, कारण प्रवाहामुळे नळीत निर्माण झालेले चुंबकीय क्षेत्र तिलाच चुंबक बनवते आणि मध्याकडे, जिथे ते सर्वांत तीव्र असते, खेचते. जोडणी उलटी केली तरी दांडी आतच येते, कारण क्षेत्राबरोबर तिचे ध्रुवही उलटतात. म्हणूनच तिला परत आणण्याचे काम स्प्रिंगकडे द्यावे लागते.

आता दांडी थोडी थोडी बाहेर काढून हाच प्रयोग करावा. ओढ किती वेगाने कमी होते हे पाहण्यासारखे आहे, आणि माझ्या मते सगळे मर्म इथेच आहे.

कॉन्टॅक्टरची कॉइल बहुधा 50 हर्ट्झच्या एसीवर चालते. तिच्यातील लोखंडाचे दोन भाग, एक स्थिर आणि एक दांडीसारखा ओढला जाणारा, दूर असताना तिचा प्रवाह नेहमीच्या कित्येक पट असतो आणि ते पूर्ण मिटल्यावरच तो उतरतो. मधे कापसाचे तंतू अडकले तर फट उरते, प्रवाह उतरत नाही, कॉन्टॅक्टर घरघरतो आणि कॉइल जळते. तेव्हा नवी कॉइल बसवण्याआधी मेन स्विच बंद करून, वीज नसल्याची टेस्टरने खात्री करून, दोन्ही पृष्ठभाग कोरड्या ब्रशने साफ करावेत. तेल लावू नये, त्यावर तंतू आणखी चिकटतात. पृष्ठभागात बसवलेली तांब्याची कडी तुटलेली असल्यास साफसफाईनंतरही घरघर थांबत नाही, म्हणून तीही त्याच वेळी तपासावी.