ल्यूबेकचं जुनं हॉस्पिटल-चॅपल बघायचं कसं?

हॅम्बुर्गला माझ्याकडे पाहुणे आले की एक दिवस मी त्यांना जवळच्या ल्यूबेक शहरात नेतेच. होल्स्टनटोअर या जुन्या वेशीपुढे फोटो काढून झाले की कोबर्ग चौक गाठायचा. लाल विटांचे तीन त्रिकोणी माथे आणि बाजूला सडपातळ मनोरे दिसले, की समजायचं, हेच हायलिगेन-गाइस्ट-हॉस्पिटल. पवित्र आत्म्याच्या नावानं १२८६च्या सुमारास उभं राहिलेलं. पैसा व्यापाऱ्यांचा, त्यात बेर्ट्राम मोर्नेवेगचं नाव आघाडीवर. निघण्यापूर्वी उघडं आहे ना, तेवढं बघून घ्या. जुनी वास्तू, दुरुस्त्या निघतात.

आत शिरताच चॅपल लागतं आणि सगळे माना वर करून कमानी बघत बसतात. माझं ऐका, तिथे रेंगाळू नका. सरळ मागच्या लांबलचक दालनात जा आणि मग वळून बघा. पूर्वी इथे ओळीनं खाटा असायच्या आणि चॅपल त्याच वास्तूत, समोर. औषधं बेताचीच, आत्म्याची काळजी आधी, शरीराची मागाहून. हे लक्षात आलं की इस्पितळातच चॅपल का, हा प्रश्न पडत नाही.

दालनातल्या लाकडी खोल्या मात्र मध्ययुगातल्या समजू नका. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर इथे म्हाताऱ्यांची सोय झाली आणि खोल्या आल्या त्या थेट १८२०च्या सुमारास. चाळीसारखी दारं एकाला एक लागून, आत जेमतेम चार चौरस मीटर जागा. एका दारातून आत डोकावा: पलंग टाकला की संपली खोली! १९७०पर्यंत माणसं इथे राहत होती, हे मला अजूनही पचत नाही.

आता चॅपलकडे परत या. मधल्या कठड्यावर संत एलिझाबेथचं चरित्र रंगवलंय. हंगेरीची ही राजकन्या विसाव्या वर्षी विधवा झाली, १२२८मध्ये मारबुर्गला इस्पितळ काढून स्वतः रुग्णांची सेवा केली आणि चोविसाव्या वर्षी गेली. ही चित्रं घाईनं बघू नका. नाताळात इथे हस्तकलेचा बाजार भरला असेल तेव्हा पहिल्यांदा येऊच नका, गर्दीत काही दिसत नाही.

दुसऱ्या गावी असं चॅपल शोधायचं असेल तर आधी नाव बघा. पवित्र आत्म्याच्या नावाचं असेल तर बहुधा गावातच सापडेल. उत्तर जर्मनीत सेंट युर्गेनचं, म्हणजे संत जॉर्जचं, असेल तर जुन्या तटाबाहेर शोधा. कुष्ठरोग्यांना तिकडेच ठेवत.