काठमांडूला खोकं पाठवताना

काठमांडूच्या एका अनाथाश्रमासाठी आम्ही हॉस्टेलवर स्वेटर, वह्या, खेळणी जमवली. पोस्टाच्या काउंटरवरूनच खोकं परत! सीएन २३ या कस्टम्सच्या फॉर्मवर मी नुसतं 'भेटवस्तू' असं लिहिलं होतं, शिवाय रिमोटच्या गाडीत लिथियम बॅटरी.

गाडी काढली. फॉर्म नव्याने भरला: वापरलेले लोकरी स्वेटर, १४ नग, वजन, अंदाजे किंमत. शून्य लिहायचा मोह झाला, पण दान म्हणून पाठवलेल्या मालाचीही किंमत लिहावीच लागते. मग आश्रमातल्या दिदींना फोन लावला, तिकडे कस्टम ड्युटी लागली तर भरणार कोण? (हे आधीच विचारायचं ना!) त्या म्हणाल्या, "वह्या इथेच मिळतात, लहान मापाचे मोजे पाठवा." वह्या काढल्या, तर साडेचार किलो वजन घटलं.