टोकन लायब्ररीकडेच राहू द्या: वेब एपीआय वापरताना या चुका टाळा

गोव्यात मांद्र्याला एका काकींचं तीन खोल्यांचं होमस्टे आहे. बुकिंगच्या दोन साइट्सवरची कॅलेंडरं जुळवून ठेवणारा छोटा प्रोग्रॅम मी त्यांना पायथनमध्ये लिहून दिला होता. तो त्या साइट्सच्या वेब एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमने साइटशी बोलायच्या सोयीतून, काम करायचा. डिसेंबरचा सीझन, शनिवारची रात्र, साडेनऊला त्यांचा फोन आला: "अरे बाबा, एकाच खोलीचे दोन पाहुणे बॅगा घेऊन दारात उभे आहेत. काय सांगू त्यांना?" एका कुटुंबाची सोय शेजारच्या घरात झाली, आणि मी लॉग उघडला. प्रोग्रॅम ५:०२ ला सुरू झाला होता. ६:०२ पर्यंत सगळं सुरळीत. त्यानंतर दर पाच मिनिटांनी एकच आकडा: ४०१, म्हणजे सर्व्हर सांगत होता, "ओळख पटली नाही".

बरोबर एक तास. टोकन म्हणजे ओळख पटल्यावर सर्व्हर देतो तो तात्पुरता पास. तो देताना सर्व्हर त्याची मुदतही सेकंदांत कळवतो आणि पुष्कळ ठिकाणी ती ३६०० असते. मी सुरुवातीला एकदा लायब्ररीकडून, म्हणजे लॉगिन सांभाळणाऱ्या तयार कोडकडून, टोकन घेतलं, एका व्हेरिएबलमध्ये ठेवलं आणि तेच प्रत्येक रिक्वेस्टच्या हेडरमध्ये (सोबत जाणाऱ्या माहितीत) घालत राहिलो. मुदत कधी संपते आणि नवं टोकन कसं आणायचं, हे दोन्ही लायब्ररीला ठाऊक होतं. मी तिला पुन्हा विचारलंच नाही.

त्यानंतर इथल्या मित्रांचे जे जे बिघाड पाहिले, त्यांतल्या बऱ्याच जागी मूळ हेच निघालं: लायब्ररीचं काम आपण अर्धवट आपल्या हातात घेतलेलं असतं. म्हणून प्रत्येक रिक्वेस्टच्या आधी टोकन लायब्ररीकडेच मागा. मुदत शिल्लक असेल तर ती कॅशेतलं (जपून ठेवलेलं) जुनंच देते, नेटवर्कवर जातही नाही. त्याहून बरं म्हणजे रिक्वेस्ट पाठवायला लायब्ररीचंच सेशन वापरा, म्हणजे हेडरला तुमचा हात लागणारच नाही.

याच्या अगदी उलटी चूकही दिसते. प्रत्येक फंक्शनमध्ये लायब्ररीच्या क्लायंटचा नवा ऑब्जेक्ट बनवला जातो. कॅशे त्या ऑब्जेक्टच्या मेमरीत असतो, त्यामुळे तो दर वेळी कोरा. शंभर रिक्वेस्टला शंभर टोकनं मागितली जातात आणि थोड्या वेळात सर्व्हर ४२९ ("फार रिक्वेस्ट झाल्या") देऊन दार लावतो. ऑब्जेक्ट एकदाच बनवा आणि तोच सगळीकडे वापरा.

घड्याळ आणि साडेपाच तास

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हा दोष कोड वाचून सहसा सापडत नाही.

काही एपीआयना आपण स्वतः बनवून डिजिटल सही केलेलं टोकन, म्हणजे जेडब्ल्यूटी, पाठवायचं असतं. ते कधी बनवलं आणि कधी संपतं, हे दोन आकडे त्यात असतात: १ जानेवारी १९७० पासून, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे मोजलेले सेकंद. फोंड्याच्या एका मुलाचा कोड क्लाउड सर्व्हरवर उत्तम चालायचा आणि घरच्या लॅपटॉपवर पहिल्याच रिक्वेस्टला "टोकनची मुदत संपली" म्हणायचा. त्याने वेळ घेतली होती पायथनच्या यूटीसीनाऊ या फंक्शनने आणि त्यावरून टाइमस्टँप (हेच सेकंद) काढला होता. हे फंक्शन वेळ यूटीसीची देतं, पण तिच्यावर टाइमझोनची खूण नसते. टाइमस्टँप काढताना पायथन ती स्थानिक वेळ समजतो. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं, तिथे फरक शून्य. लॅपटॉप भारतीय वेळेवर, म्हणून आकडा १९८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, मागे. तासाभराची मुदत दिलेलं टोकन जन्मतःच साडेचार तास शिळं! पायथन ३.१२ पासून हे फंक्शन कालबाह्य ठरवलं आहे. टाइमझोनसकट वेळ घ्या, किंवा थेट टाइम मॉड्यूलचे सेकंद वापरा. जावास्क्रिप्टवाल्यांनी आणखी एक तपासावं: तिथे वेळ मिलिसेकंदांत मिळते, टोकनला सेकंद लागतात.

दुसरा प्रकार डिचोलीतल्या एका दुकानात पाहिला. कॉम्प्युटरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे होतं आणि इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय कुणीतरी बंद केली होती. तिथलं टोकन सर्व्हरच्या दृष्टीने अजून जन्मलेलंच नव्हतं. सर्व्हर थोड्याफार फरकाकडे कानाडोळा करतात, बारा मिनिटांकडे करत नाहीत. एरर मात्र "इनव्हॅलिड ग्रँट" अशी आली, त्यामुळे दुकानदार बिचारा दोन दिवस पासवर्ड आणि की बदलत बसला होता. ही एरर दिसली की आधी मशीनचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघा. मदरबोर्डवरची बटण-बॅटरी संपली असेल तर वीज गेल्यावर तारीखच कित्येक वर्षं मागे जाते. मग टोकनपर्यंत गोष्ट पोचतही नाही, सर्टिफिकेटच नाकारलं जातं.

एकच रिफ्रेश टोकन, दोन मालक

रिक्वेस्टसोबत जातं ते ॲक्सेस टोकन; ते संपलं की नवं मागायला लागतं ते रिफ्रेश टोकन. अनेक सर्व्हर हे रिफ्रेश टोकन एकदाच वापरू देतात. नव्या ॲक्सेस टोकनबरोबर नवं रिफ्रेश टोकन येतं आणि जुनं बाद होतं. आता तुमचे दोन प्रोसेस एकाच फाइलमधून टोकन वाचत असतील आणि दोघांनी एकाच क्षणी रिफ्रेश केलं, तर दुसऱ्याच्या हातात बाद टोकन उरतं. ते वापरलं गेलं की सर्व्हरला चोरीचा संशय येतो आणि तो सगळी साखळीच रद्द करतो. यात सर्व्हरचं चुकत नाही, वापरणाऱ्याचं रक्षणच होतं. रिफ्रेशचं काम एकाच प्रोसेसला द्या, किंवा फाइलला लॉक लावा.

नवं टोकन जपून लिहिणंही तितकंच महत्त्वाचं. सत्तरी तालुक्यातल्या एका काजूच्या व्यापाऱ्याकडे जुलैत फाइल लिहिता लिहिता वीज गेली आणि शून्य बाइटची फाइल उरली. आधी वेगळ्या नावाने पूर्ण फाइल लिहायची, डिस्कवर पोचली याची खात्री करायची आणि मगच तिचं नाव बदलायचं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मी हे कधीच टाळत नाही.

४०१ आणि ४०३

४०१ म्हणजे तुमची ओळख पटली नाही: टोकन नाही, संपलंय किंवा चुकलंय. अशा वेळी एकदाच नवं टोकन घेऊन पुन्हा प्रयत्न करा. दुसऱ्यांदाही ४०१ आला तर थांबा. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण परवानगी नाही. तिथे कितीही रिफ्रेश केलंत तरी फरक पडत नाही. स्कोप (मागितलेली परवानगी) वाढवून वापरणाऱ्याची संमती पुन्हा घ्यावी लागते, किंवा खात्याला तो अधिकार द्यावा लागतो. उत्तरासोबत येणारा "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट" हेडर वाचायची सवय लावा, नेमकं कारण बहुधा त्यातच असतं.

टोकन ताजं असूनही ४०१ येत असेल तर बारीकसारीक गोष्टी बघा. हेडरमध्ये टोकनच्या आधी येणारा "बेअरर" शब्द दोनदा गेलाय का, फाइलमधून वाचताना शेवटी नवी ओळ चिकटलीय का. पत्ता रिडायरेक्ट होऊन दुसऱ्या होस्टवर जात असेल तर पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी ऑथरायझेशन हेडर काढून टाकते. अशा वेळी शेवटचा पत्ताच थेट वापरा.

क्लायंट सीक्रेट (प्रोग्रॅमचा गुप्त पासवर्ड) गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, गेलं असेल तर फाइल पुसून भागत नाही, ते इतिहासात राहतं. आधी ते रद्द करा, साफसफाई नंतर. लॉगमध्ये पूर्ण टोकन कधीही छापू नका, मुदत संपण्याची वेळ तेवढी छापा.

आता कुणालाही प्रोग्रॅम देण्याआधी मी कॅशेतलं ॲक्सेस टोकन मुद्दाम बिघडवतो आणि तो स्वतःहून सावरतो का ते बघतो. मग रात्रभर चालू ठेवतो, म्हणजे मुदत अनेकदा संपते. काकींच्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक गोष्ट घातली आहे: दुसऱ्या प्रयत्नालाही ४०१ आला, तर त्यांच्या मोबाइलवर लगेच मेसेज जातो, "कॅलेंडर जुळत नाही, नवीन बुकिंग हाताने तपासा".