शिडाच्या जुन्या बोटीचा गिअर-थ्रॉटल लिव्हर जड झालाय? आधी हे वाचा

हा एकच लिव्हर दोन केबलनी खाली इंजिनला जोडलेला असतो, एक गिअर बदलते, दुसरी थ्रॉटल म्हणजे इंजिनचा वेग. तो जड लागायला लागला की बहुतेक जण जरा जास्त जोर लावतात, तेवढ्यापुरतं काम होतं, आणि विषय तिथेच राहतो. मीपण दोन सीझन तेच केलं. मग एका संध्याकाळी घारापुरीहून नेरूळला परत येताना अटल सेतूजवळ वेग कमी करायला लिव्हर न्यूट्रलला आणला तर तो एकदम हलका सरकला, आणि बोट मात्र तशीच पुढे चाललेली, म्हणजे गिअर पुढेच राहिलेला, मागून भरतीचं पाणी ढकलतंय आणि समोर पुलाचे खांब. स्टॉपची केबल ओढून इंजिन बंद केलं, नांगर टाकला, मग खाली टॉर्च मारून बघितलं तर गिअर केबलची आतली तार इंजिनकडच्या टोकाच्या नळीत गंजून तुटलेली. बाहेरचं काळं कव्हर अगदी नव्यासारखं दिसत होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण लिव्हर कुठे आहे यावरून गिअर कुठे आहे हे कळत नाही, ते फक्त गिअरबॉक्सवरच्या छोट्या आर्मवरून कळतं, आणि तो आर्म बघायला आपण खाली वाकतच नाही.

माझी बोट २६ फुटी आहे, १९७०च्या दशकातली, दोन कीलची (तळाला दोन पाती असलेली), ओहोटीला सारसोळ्याच्या बाजूला चिखलावर सरळ बसते. त्यामुळे हे काम मी ओहोटीतच करतो, बोट हलत नाही. इंजिन बंद, चावी काढून खिशात, बॅटरीचा स्विच ऑफ, मगच हात घाला.

पहिलं काम म्हणजे जडपणा नेमका कुठे आहे ते शोधणं. तीन जागा असतात: वरचा लिव्हरचा डबा, मधली केबल, आणि खाली गिअरबॉक्स किंवा इंजिनचा थ्रॉटल आर्म. इंजिनकडची दोन्ही टोकं सोडवा (त्याआधी मोबाईलवर चार बाजूंनी फोटो काढा, कुठल्या भोकात काय होतं ते नंतर अजिबात आठवत नाही). आता गिअरबॉक्सचा आर्म हाताने पुढे-मागे करा, टक् टक् करत बसला पाहिजे. तो ठीक असेल तर वर जाऊन लिव्हर हलवा. अजूनही जड असेल तर वरच्या टोकालाही केबल सोडवा आणि लिव्हर एकटा हलवून बघा. माझ्याकडे लिव्हर लोण्यासारखा चालत होता, म्हणजे दोष केबलचाच.

आता तेलाबद्दल. मला एका मेकॅनिकने केबलमधे तेल सोडायला सांगितलं होतं आणि मी सोडलं, आठवडाभर बरं वाटलं. मग जेट्टीवरच्या एका नाखवाने बघितलं आणि म्हणाला, "दादा, तेल नको ओतू त्यात, काढून टाक ती." तो बरोबर होता. या केबलच्या आत प्लास्टिकचं अस्तर असतं आणि ती बनतानाच वंगण घालून बंद केलेली असते, आपण ओतलेलं तेल गंज लागलेल्या जागेपर्यंत नीट पोचत नाही आणि वर कचरा धरून ठेवतं. बाहेर आलेल्या चकचकीत दांड्यांवर आणि लिव्हरच्या डब्यात वॉटरप्रूफ ग्रीस जरूर लावा, पण केबल जड झाली की बदलायचीच. आणि दोन्ही एकदम बदला, गिअरची गेली असेल तर थ्रॉटलचीपण तेवढीच वर्षं खाऱ्या हवेत गेलीयत.

बहुतेक जुन्या बोटींवर ३३सी टाइपची केबल असते, तिचा प्रवास, म्हणजे आतली तार सरकते ते अंतर, साधारण ३ इंच. ही ढकलते पण आणि ओढते पण, म्हणून स्कूटरची क्लच केबल वापरायचा विचार करू नका, ती फक्त ओढते. लांबी मोजायची ती एका टोकाच्या आट्यांपासून दुसऱ्या टोकाच्या आट्यांपर्यंत, आणि जुनी केबल बाहेर काढूनच मोजा. जुनी कुठे आवळून वळवलेली असेल तर नवी एखाद फूट जास्त घ्या, वळणाची त्रिज्या ८ इंचापेक्षा कमी नको. फार लांब घेऊन वेटोळं करून ठेवलं तर तेही जड होतं.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. ३३सीच्या टोकाला १०-३२ हे इंची मापाचे आटे असतात, जाडी ४.८३ मिमी. आपल्याकडे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ५ मिमीचा नट त्यावर चक्क चढतो, आट्यांचं अंतर जवळजवळ सारखंच आहे ना, पण तो सैल बसतो आणि इंजिनच्या थरथरीने निसटतो. नटाला बोटाने हलवून बघा, खुळखुळला तर तो चुकीचा. नागदेवी स्ट्रीटला यूएनएफ १०-३२ असं स्पष्ट मागा, स्टेनलेस नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला नट) घ्या, आणि जुन्या स्प्लिट पिना परत वापरू नका.

नवी केबल ओवायला जुनीच्या टोकाला मजबूत दोरी टेपने गुंडाळा, जुनी ओढा, दोरी जागेवर राहते, मग दोरीने नवी ओढा. दोन्ही केबलना आधीच चिकटपट्टीवर "गिअर" आणि "थ्रॉटल" लिहून ठेवा. वरचं टोक आधी जोडा. खाली केबलच्या कव्हरवर एक खाच असते, क्लॅम्प त्या खाचेतच बसला पाहिजे, नाहीतर लिव्हर हलवल्यावर तारेऐवजी अख्खी केबलच सरकते.

मग सेटिंग, इथे घाई नको. लिव्हर न्यूट्रलला, गिअरबॉक्सचा आर्मपण न्यूट्रलला, आणि बॉल जॉइंट आट्यांवर फिरवत असा आणा की तो आर्मवर अजिबात जोर न लावता बसेल. मग एकाला वर लिव्हर पूर्ण पुढे टाकायला सांगा आणि तुम्ही आर्मकडे बघा, तो शेवटपर्यंत जायला हवा, मागेही तसंच. अर्धवट गेला तर क्लच घसरतो आणि जळतो, मग खर्च केबलचा राहत नाही, गिअरबॉक्सचा होतो. थ्रॉटलचं सोपं आहे, न्यूट्रलमधे आर्म आयडलच्या स्क्रूवर टेकलेला हवा.

स्टॉपची केबलपण हाताशी असताना तपासा. डिझेल इंजिन चावीने बंद होईलच असं नाही, अशा इंजिनात चालू असताना चावी फिरवली तर अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात.

भरती आली की चारही दोऱ्यांनी बोट जेट्टीला घट्ट बांधून हळू पुढे, न्यूट्रल, मागे असं करा, आणि पंख्याचं पाणी कुठल्या दिशेला जातंय ते डोळ्यांनी बघा, केबल उलट्या भोकात जोडली गेली असेल तर इथेच कळतं. पहिले चार-पाच तास इंजिन चालल्यानंतर खाली जाऊन सगळे नट पुन्हा पान्याने तपासा, माझ्या गिअरच्या बॉल जॉइंटचा लॉकनट तेव्हा अर्धा फेरा सैल सापडला होता.