धार लावायच्या हत्यारांवरचा गंज: कसा काढावा, कसा टाळावा

खाडीकाठच्या घरात सुरीपेक्षा सुरीला धार लावायच्या वस्तूंना आधी गंज धरतो. सुरी रोज धुतली-पुसली जाते आणि हल्ली ती बहुधा स्टेनलेसची असते. रॉड (सुरी घासायची मुठीची कांडी), कानस, डायमंड प्लेट (हिऱ्याची पूड बसवलेली धारेची पट्टी) मात्र एकदा वापरून ओलसरच ड्रॉवरमध्ये जातात आणि महिन्याने बाहेर निघतात. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड गंजायला लागतं, आणि जुलैत ठाणे-वाशीकडे ती बहुतेक दिवस ८० च्या आसपास किंवा वरच असते. त्यात मासे कापताना हाताला लागलेलं मीठ रॉडला लागलं, तर ते ओल धरून ठेवतं आणि गंज दुप्पट जोमाने पसरतो.

गंज दिसला की लगेच तारेची घासणी हातात घेऊ नका. आधी वस्तू कशाची आहे ते बघा. एकीला चालतं तेच दुसरीला मारक ठरतं.

रॉड. बऱ्याच रॉडवर क्रोमचा पातळ, चकचकीत मुलामा असतो. तो जिथे खरवडला जातो तिथून तांबूस ठिपके उठतात. पोळीच्या डब्यात घालतो ती अॅल्युमिनियम फॉईल चुरगाळून तिचा गोळा करा, पाण्यात बुडवा आणि रॉडच्या बारीक रेघांच्या दिशेने, मुठीपासून टोकापर्यंत घासा. जोर लावू नका. काळपट लगदा सुटायला लागला की काम होतंय असं समजा; तो पुसायचा, गोळा पुन्हा भिजवायचा आणि घासत राहायचं. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे मुलाम्यावर ओरखडे पडत नाहीत. तारेच्या घासणीने पडतात, आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे गंजाला नवी वाट. सिरॅमिकचा पांढरा रॉड गंजत नाही. त्यावरच्या काळ्या रेघा सुरीच्या धातूच्या असतात, भांड्याच्या साबणाने आणि ओल्या स्क्रबरने निघतात.

कानस. विळी आणि कोयत्यासाठी बऱ्याच घरांत कानसच वापरतात. तिच्यावर मुलामा नसतो, त्यामुळे तीच सगळ्यांत लवकर लाल होते आणि तीच सगळ्यांत चांगली सुधारते. लाकडी मूठ निघत असेल तर काढा. तारेच्या ब्रशने दातांच्या ओळींच्या दिशेने घासा; आडवं घासलं तर दातांतली घाण तशीच राहते. मग लांबट डब्यात एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूफूल विरघळवा आणि कानस त्यात पूर्ण बुडेल अशी ठेवा. साधं पांढरं व्हिनेगरही चालतं. बारीक बुडबुडे यायला लागतील. दर अर्ध्या तासाने बाहेर काढून ब्रश फिरवा. दातांची करडी टोकं स्वच्छ दिसली की पुरे. रात्रभर विसरू नका, आम्ल गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं.

खरी घाई यानंतरची आहे. आम्लातून काढलेली कानस आधी पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्यात खळबळून घ्या, मग साध्या पाण्याने धुवा आणि तिथल्या तिथे कोरडी करा. दमट हवेत ओली उघडी कानस काही मिनिटांत पुन्हा केशरी झाक घेते. सुती फडक्याने टिपून वर हेअर ड्रायर फिरवा. दातांच्या फटीतलं पाणी फडक्याने निघत नाही.

डायमंड प्लेट आम्लात बुडवायची नाही. पोलादी पट्टीवर निकेलच्या थरात हिऱ्याची पूड बसवलेली असते आणि आम्ल निकेलला लागतं. गंज बहुधा कडांवर किंवा मागच्या बाजूला असतो. खायच्या सोड्याचा दाट लेप आणि जुना टूथब्रश घ्या. कडांना हट्टी डाग असेल तर बारीक पॉलिश पेपर चालेल, पण घासायच्या तोंडावर तो कधीही लावू नका.

धारेच्या दगडावर केशरी ठिपके दिसले, तर दगड गंजलेला नसतो. सुरीचे कण त्याच्या छिद्रांत अडकून गंजतात. ओल्या पॉलिश पेपरवर, सपाट फरशीवर दगड गोल-गोल फिरवला की ठिपके जातात आणि पृष्ठभागही सपाट होतो.

बाथरूमच्या ॲसिडने गंज उडवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याची नुसती वाफही आजूबाजूच्या लोखंडी वस्तूंना गंजवते, आणि ते चुकून ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरिन हा विषारी वायू तयार होतो.

आता टाळायचं कसं. वापरून झालं की साबणाच्या पाण्याने धुवा, पुसा आणि पोळ्या झाल्यावर गॅस बंद केलेल्या, हात ठेवता येईल इतक्याच कोमट तव्यावर पाच मिनिटं ठेवा. मग धातूच्या वस्तूंवर तेलाचा पातळ हात फिरवा. स्वयंपाकघरात मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन सगळ्यांत बरं. खायचं तेल नको, ते हळूहळू चिकट होतं, त्याला खवट वास येतो आणि त्यात धूळ बसते. पाण्यावर वापरायच्या दगडाला तेल लावायचंच नाही, त्याची छिद्रं भरतात. सुरीला धार लावण्यापूर्वी रॉड कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

ठेवताना चामड्याच्या म्यानात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका, दोन्ही ओल शोषतात. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलची पुडी पुरते. पुडी कायम टिकत नाही. पावसाळ्यात ती अधूनमधून बदला. एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: रॉड एसीच्या खोलीत असेल आणि जुलैत स्वयंपाकघरात आणला, तर थंड धातूवर हवेतली वाफ दवासारखी जमते. हाताला गार लागत असेल तर खोलीइतका होईपर्यंत थांबा, मग पुसा, मगच डब्यात घाला.

रॉडचा मुलामा नखाने पापुद्रे निघतील इतका सुटला असेल, किंवा डायमंड प्लेटवर गुळगुळीत टक्कल पडलं असेल, तर गंज काढण्यात वेळ घालवू नका. क्रोमचे कण अन्नात जायला नकोत. ती वस्तू भंगारात द्या आणि दुसरी घ्या.